लेख अडकलाय. ओहोटी आहे की गाळ?

खाडीकाठची (रात्री ११.४०)

मंडळी, एका दिवाळी अंकाला लेख कबूल करून बसलेय. मे महिन्यात फोन आला तेव्हा फणस फोडत होते, हाताला चीक, तशीच "हो हो, देते" म्हणून मोकळी झाले. विषयही मीच सुचवला, आमच्या खाडीवरची तर, म्हणजे माणसं या काठावरून त्या काठाला नेणारी होडी. पूल होईपर्यंत बाबा तर चालवायचे. शब्द हवेत २,५००. श्रावण अर्धा सरला, फाईलमध्ये ६४० आहेत, आणि गेले २१ दिवस ६४०च आहेत. मधे एकदा ६५२ झाले होते, मग 'अत्यंत' वगैरे काढून टाकले.

वेळ नाही म्हणावं तर तसंही नाही. शाळेतून साडेपाचला घरी येते. मुलगा पुण्याला, नवरा भजनाला. बसते, लॅपटॉप उघडते आणि उठते. चहा ठेवते. वाती वळते. सोलांची बरणी पुसते. काल तर भर पावसात पडवीतले नारळ मोजून आले. ११७ आहेत. कोणी विचारलं नव्हतं.

बाबा म्हणायचे, होडी अडली की आधी बघायचं, ओहोटी आहे की गाळ. ओहोटी असेल तर विडी पेटवून बसून राहायचं, पाणी आपसूक येतं. गाळ असेल तर उतरून ढकलायची, बसून राहिलात तर आणखी रुतते. माझं हे थांबणं यातलं कुठलं, ते ओळखायचं कसं? पहाटे उठा, श्वास बघा, रोज तीन पानं खरडा, हे सगळं वाचून झालंय. जे स्वतः अडकले होते त्यांनीच लिहा.

फणसाची_आठळी (रात्री ११.५२)

पहिली! आणि समर्थांची ती 'दिसामाजी'वाली ओळ कोणी टाकणार असेल तर आधीच सांगते, माझ्या फ्रिजवर ती चार वर्षं चिकटवलेली आहे. फ्रिज अजून काही लिहीत नाही.

नारळ मोजणारी बाई अडकलेली नसते गं, पळत असते. मी कवितासंग्रहाचं मनोगत लिहायच्या ऐवजी घरातली सगळी तांब्यापितळेची भांडी चिंचेने घासली होती. लखलखीत घर, कोरं मनोगत.

मास्तर (सकाळी ६.०५)

आपल्या दापोली तालुक्यातल्या पालगडचं उदाहरण देतो. साने गुरुजींनी 'श्यामची आई' नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. ९ फेब्रुवारी १९३३ला सुरुवात, १३ फेब्रुवारीला पूर्ण. पाच दिवस. तेव्हा अडणंबिडणं हे सगळं आत्ताचं खूळ आहे असं माझं मत. बसावं आणि लिहावं.

चाकरमानी_डोंबिवली (सकाळी ८.१०)

मास्तर, तुरुंगात वायफाय नव्हतं.

सुशेगाद (सकाळी ८.३१)

आणि पडवीत ११७ नारळ नव्हते.

मास्तर (सकाळी ९.००)

हसा. पण तुमची थट्टा वाचल्यावर माझंच उदाहरण मला उलटं दिसायला लागलं. लिहायला पाच दिवस लागले, पण श्याम आईबरोबर वाढला ती वर्षं, आई गेल्यानंतरची वर्षं, ती कुठे धरायची? हात पाच दिवस चालला इतकंच. खाडीकाठची, तुमचा हात अजून सुरू झालेला नाही एवढ्यावरून काम सुरू नाही असं म्हणता येणार नाही. सकाळचं विधान अर्धं मागे.

प्रुफवाली (सकाळी १०.४५)

टेबलाच्या पलीकडून सांगते. मी तीन अंकांची मुद्रितं तपासते. संपादकाने दिलेली तारीख खरी नसते. अंक दिवाळीच्या दोन-तीन आठवडे आधी स्टॉलवर पोचायला हवा, त्यातून छपाई, बांधणी, जाहिरातींची पानं मागे मोजत या. मग त्यात लेखकांच्या सवयी मोजून आणखी पंधरा दिवस अलीकडे या. ती तारीख तुला कळवलेली असते. तेव्हा आज लगेच जीव देऊ नकोस. पुढच्या आठवड्यात बघ.

बाकी ही आपल्याच लोकांनी ओढवून घेतलेली पीडा आहे. दिवाळी अंकाची प्रथा सुरू केली 'मनोरंजन'ने १९०९ मध्ये. संपादक काशिनाथ रघुनाथ मित्र, मूळ आडनाव आजगावकर. म्हणजे आजगावचं नाव लावणाऱ्या माणसाने सगळ्या महाराष्ट्राच्या मानेवर श्रावणात बसणारी तारीख ठेवली.

चाकरमानी_डोंबिवली (सकाळी ११.०२)

१९०९पासून लेख लटकलेले आहेत तर. बरं वाटलं.

रापण (दुपारी १.२०)

गो बाय, आमची मासेमारी बंदी १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस. त्या दिवसात कोण रडत बसता काय, माका मासो गावणा नाय म्हणान? आमी जाळी सांधीत बसतंव, इंजिन उघडतंव. तुझी बंदी समज आणि जाळां सांध.

पण एक सांगतंय. माझो चुलतो जाळां सांधूक बसलो की उठूचोच नाय. एक भोक सांधल्यान की दुसऱ्या दिसता. नारळी पुनव झाली, सगळे होडये पाण्यात, हेचो अजून मांडवात. ह्या पण बघ.

फणसाची_आठळी (दुपारी १.३४)

६५२चे ६४० करणं म्हणजे चुलत्याचंच जाळं.

चाकरमानी_डोंबिवली (दुपारी १.४०)

उपमा सुंदर. पण बंदी सरकार उठवतं. हिची कोण उठवणार?

कलमवाला (दुपारी ३.१५)

देवगड. आमच्याकडे कलम म्हणजे झाड, तुमच्याकडे लेखणी, पण रोग एकच दिसतो.

हापूस एका साली भरभरून धरतो आणि पुढच्या साली नुसती पालवी काढून उभा राहतो. वर्षाआड. बागेत कोणी झाडाजवळ जाऊन 'तुला झालंय तरी काय' म्हणून विचारत नाही. गेल्या सालच्या फळाने त्याला रिकामं केलेलं असतं, ते भरून काढतंय. दिसायला हिरवंगार, आणि आत काय चाललंय ते दिसत नाही.

पण कर्जाचे हप्ते वर्षाआड नसतात, म्हणून आम्ही संजीवक घालतो. पॅक्लोब्युट्राझोल, बागेत सगळे कल्टार म्हणतात. १५ जुलै ते १५ ऑगस्ट, म्हणजे नेमके हेच दिवस. झाडाच्या विस्ताराच्या व्यासाला दर मीटरमागे ३ मिली, पाण्यात कालवून, खोडाभोवती वळं धरून पहारीने भोकं पाडायची आणि त्यात सारखं सारखं ओतायचं. पालवीचा जोर दबतो, मोहर लवकर फुटतो. तुमच्या संपादकाची तारीख म्हणजे हेच. काम करतं, माझा अनुभव आहे. पण घालायचं वाढ झालेल्या, तब्येतीच्या झाडाला. आणि घातलं की खतपाणी वाढवायचं. माझ्या शेजाऱ्याने कोवळ्या कलमांना घातलं, वरून मापही अंदाजाने. दोन साल पैसे मोजले, आता ती झाडं बुटकी होऊन बसलीत, पान बघवत नाही.

म्हणून आधी बघा, झाड तयार आहे का. तयार असेल तर तारीख घाला. नसेल तर एक साल जाऊ द्या, जग बुडत नाही.

सुशेगाद (दुपारी ३.२२)

त्यापेक्षा रत्ना लाव. दरवर्षी धरतो.

कलमवाला (दुपारी ३.३०)

धरतो ना. नीलम आणि हापूसचा संकर, वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्राचा, १९८१चा. फळ मोठं, साका (आतून गर खराब होणं) नाही, नेमाने येतो. आता पेटीवर 'रत्ना' लिहून वाशीला पाठवून बघा आणि भाव मला कळवा.

प्रुफवाली (दुपारी ३.४१)

रत्नाच्या बाजूने बोलते. माझ्या हाताखालून जाणारे सत्तर टक्के मजकूर रत्ना असतात आणि त्यांच्यावरच अंक निघतो. हापूसवाल्या लेखकांची वाट बघत बसलो असतो तर मुखपृष्ठाला मलपृष्ठ चिकटवून विकावं लागलं असतं.

खाडीकाठची (सायंकाळी ६.१०)

कलमवालाकाका, वाचताना खूप बरं वाटलं, मग लक्षात आलं की गेल्या साली मी काय धरलं होतं? एक कविता. तीही गळाली. तेव्हा 'भरून काढतेय' हे म्हणायला तोंड नाही.

आज बसले. वीस मिनिटं. मग लाईट गेली. खरंच गेली, मी काही केलं नाही. इन्व्हर्टर असूनही लॅपटॉप बंद केला ते मात्र मी केलं.

मौनी_मी (रात्री ९.१८)

मी इगतपुरीला विपश्यनेच्या १० दिवसांच्या शिबिराला गेले होते, त्याच आशेने. डोकं शांत होईल, कादंबरी सुटेल. गेल्या गेल्या वही-पेन जमा. वाचायचं नाही, लिहायचं नाही, बोलायचं नाही. पहाटे चारला घंटा. पहिले तीन दिवस फक्त नाकाशी येणारा-जाणारा श्वास.

तिसऱ्या दिवशी दुपारी कादंबरीचं पहिलं वाक्य आलं. असं आलं की अंगावर काटा. आणि पेन नाही! दोन दिवस मी श्वास सोडून ते वाक्य घोकत होते, शाळेत पाढे घोकतात तसं. मग पाचव्या दिवशी कंटाळून सोडलं. गेलं. पुन्हा आलं, पुन्हा गेलं. घरी आले तेव्हा ते लिहून काढलं आणि वाचलं तर अगदी साधं, कोणालाही सुचेल असं निघालं.

लिखाण सुटलं का? नाही. पण मला एवढं कळलं की मी टेबलाशी बसते तेव्हा लिहीत नसतेच, 'हे वाचून लोक काय म्हणतील' ते ऐकत असते. ते ऐकू येतंय हे कळलं की आवाज थोडा खाली येतो. बंद होत नाही. ज्यांना ध्यान म्हणजे लेखाचं शेणखत वाटतं त्यांनी मात्र दहा दिवसांची रजा फुकट घालवू नये.

सुशेगाद (रात्री ९.२५)

वाक्य सांगा की.

मौनी_मी (रात्री ९.२६)

नाही.

चिपळूणची_समुपदेशक (रात्री १०.३०)

कामाच्या संध्याकाळनंतर उशिरा येतेय. दोन गोष्टी.

पहिली, या अडण्याला इंग्रजीत 'रायटर्स ब्लॉक' हे नाव दिलं एडमंड बर्गलर या मनोविश्लेषकाने, १९४७ मध्ये. त्याने खापर थेट पाळण्यातल्या दिवसांवर फोडलं, ते आता फारसं कोणी धरत नाही. पण नाव चिकटलं, आणि नाव चिकटलं की दुखणं एकच आहे असं वाटायला लागतं. माझ्यासमोर बसणाऱ्यांत कोणी थकलेलं असतं, कोणाला मजकूरच मिळालेला नसतो, कोणाला खरंच नैराश्य असतं आणि त्याला डॉक्टरची गरज असते. तीन माणसं, तीन वेगळे उपाय.

दुसरी, टाळाटाळीबद्दल. कॅनडातले मानसशास्त्रज्ञ टिमथी पिचिल यांनी यावर बरीच वर्षं काम केलंय. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की माणूस काम टाळत नाही, ते काम करताना मनात जे उठतं ते टाळतो. नारळ मोजताना ते उठत नाही, म्हणून नारळ. हे आळसाचं लक्षण नाही आणि वेळापत्रकाने फारसं सुटत नाही.

खाडीकाठची, ध्यान नको, मांडी नको. एक चिठ्ठी ठेवा टेबलावर. उठू नका असं मी म्हणत नाही, खुशाल उठा. फक्त उठायच्या आधी वेळ लिहायची आणि त्या क्षणी कर्सर कुठल्या शब्दापाशी लुकलुकत होता ते लिहायचं. अर्थ लावायचा नाही, स्वतःला बोल लावायचा नाही. तीन दिवस.

मास्तर (रात्री १०.५०)

हे पटलं. मी निवृत्त झाल्यावर शाळेचा इतिहास लिहायला घेतला होता. १९७०च्या आसपास येऊन थांबला. चिठ्ठी ठेवली असती तर फार पूर्वी कळलं असतं. असो.

फणसाची_आठळी (रात्री १०.५२)

'असो' नाही चालणार मास्तर.

मास्तर (रात्री ११.१५)

चालेल.

रंगपट (दुसरा दिवस, सकाळी ७.४०)

आमच्या घरात दोन पिढ्या दशावतार. माझा मामा संकासुर करायचा. तुम्ही लोक कागदाला इतके घाबरता याचं मला नवल वाटतं, कारण आमच्याकडे संहिताच नसते. नाटकाआधी रंगपटात ट्रंकेवर बसून कथानक सांगितलं जातं, कोण कुठून येणार, कोण कोणाला मारणार, गणपतीची आरती झाली की सुरू. संवाद तिथेच, समोरच्याच्या तोंडाकडे बघून. मामाला एकदा विचारलं, रात्रभर बोलतोस, अडत नाहीस? म्हणाला, "अडतंय तर. मगे तलवार काढून दोन फेरे मारतंय, तवसर सुचता."

तेव्हा बाईंनी लिहू नये, बोलावं. फोनचं रेकॉर्डिंग किंवा तो बोललेलं टाईप करणारा माईक चालू करायचा आणि कोणाला तरी सांगतोय असं सांगायचं. तेही मालवणीत, बाबांशी जे बोलत होता त्यात. प्रमाण मराठी नंतर करता येते.

कलमवाला (सकाळी ८.०५)

फोनला मालवणी कळत नाही. मी 'फवारणी करूक व्हयी' म्हटलं, त्याने 'फरारी करू काय वही' लिहिलं. कामगाराला तसंच गेलं.

चाकरमानी_डोंबिवली (सकाळी ८.२०)

फरारी वही! खाडीकाठचीच्या लेखाला शीर्षक मिळालं.

सुशेगाद (सकाळी ९.१०)

विषयांतर : 'तर' म्हणायचं की 'तरी'? लेखात काय लिहिणार?

रापण (सकाळी ९.३२)

तर. चालवणारो तो तारी.

प्रुफवाली (सकाळी ९.४०)

दोन्ही लिहिलेलं पाहिलंय. एका लेखात एकच ठेवा म्हणजे झालं. आणि आता यावर चाळीस प्रतिसाद नकोत.

(यावर एकतीस प्रतिसाद झाले. नियामकांनी 'तर की तरी' असा वेगळा धागा काढून तिकडे हलवले आहेत.)

खाडीकाठची (पाचवा दिवस, रात्री ८.४५)

तीन दिवसांची चिठ्ठी समोर आहे. वहीच्या मागच्या पुठ्ठ्याचा तुकडा, त्यावर तेलाचा डाग. जसंच्या तसं देते.

५.५०, आनंदच. ६.१५, आनंदच. ६.१८, आनंदच (दूध). ७.०५, बाबांनाही. दुसरा दिवस ५.४०, आनंदच. ६.३०, फोन वाजला, हे धरू नये. ६.३२, आनंदच. तिसरा दिवस सगळा आनंदच, चार वेळा.

६४० शब्दांतलं शेवटचं वाक्य आहे, 'पूल झाला त्याचा बाबांनाही आनंदच झाला.' त्यापुढे लेख जात नव्हता. मागचं सगळं छान आहे. होडीच्या तळाला काजूच्या बियांचं तेल लावायचे तो वास, भांगाच्या, म्हणजे लहान भरती-ओहोटीच्या, दिवसांत पाणी इतकं संथ की वल्ह्याचे थेंब पडलेले ऐकू यायचे, भरती रोज पन्नासेक मिनिटं पुढे सरकते त्याचा हिशेब बाबा बोटांच्या पेरांवर करायचे आणि शाळेची घंटा त्या हिशेबात बसत नाही म्हणून मास्तरांशी भांडायचे. सगळं लिहून झालंय. मग ते वाक्य येतं आणि मी दूध बघायला जाते.

काल रंगपटचं ऐकलं. नवरा भजनाला गेल्यावर माजघरात माईक चालू करून मालवणीत बोलले. चार मिनिटं. बोलताना कुठेच अडले नाही, ते ऐकून मलाच कसंतरी झालं. फोनने काय लिहिलंय ते वाचायला आज धीर केला. अर्ध्या गोष्टी भलत्याच आहेत. मी जिथे 'तरवालो' म्हटलं तिथे त्याने 'घरवाला' लिहिलंय.

ते हसू येण्यासारखं आहे, पण मी हसले नाही. दोन दिवस द्या.

रापण (रात्री ८.५८)

गाळ होतो तर.

चिपळूणची_समुपदेशक (रात्री ९.३०)

घाई नाही. लेखात काय घालायचं आणि काय चिठ्ठीतच ठेवायचं हे तुमच्याच हातात आहे. सगळं छापायलाच हवं असं काही नाही.

प्रुफवाली (रात्री ९.३३)

तारखेचं मी बघते. ती खरी नाही हे सांगितलंय.

खाडीकाठची (आठवा दिवस, पहाटे ५.२०)

झाला. १,९८०. २,५०० होत नाहीत आणि मी ओढणारही नाही. तुम्हा सगळ्यांमुळे ते वाक्य गेलं, त्याच्या जागी आलेलं इथे आधी ठेवते, मग संपादकांना पाठवेन.

'मी अकरावीत होते. पूल सुरू झाला त्या संध्याकाळी आम्ही पाच-सहा मैत्रिणी नवे कपडे घालून पुलावर फिरायला गेलो. सगळं गाव पुलावर होतं. मध्यावर कठड्याला रेलून खाली पाहिलं तर बाबांची होडी. होडीत कोणी नव्हतं. ते एकटेच या काठावरून त्या काठाला चालले होते, नेहमीच्या वेळेला. त्यांनी वर पाहिलं आणि मला घरातल्या नावाने हाक, मारली. कुडाळहून आलेल्या नव्या मैत्रिणीने विचारलं, कोण गो तो? मी म्हटलं, तरवालो. त्यात खोटं काही नव्हतं. त्यांनी पुन्हा हाक मारली नाही. त्या क्षणाची खंत मला आजही आहे.'

फणसाची_आठळी (सकाळी ६.४०)

.

मास्तर (सकाळी ७.१५)

मी १९७०चं पान काढलं आज.

प्रुफवाली (सकाळी ९.५०)

दोन दुरुस्त्या. 'हाक'नंतरचा स्वल्पविराम काढ. आणि शेवटचं वाक्य काढ.

खाडीकाठची (सकाळी १०.०२)

स्वल्पविराम काढला. दुसरं काढायला चहा पिऊन येते.

प्रुफवाली (सकाळी १०.०३)

चिठ्ठीवर लिही.

खाडीकाठची (सकाळी १०.२०)

काढलं. १,९७४.

सुशेगाद (सकाळी १०.२४)

आणि नारळ?

खाडीकाठची (सकाळी १०.३१)

मोजले नाहीत. एक सोलतेय, रविवार आहे.